तांदूळ आणि बाप्तिस्मा

मी गोदीत पोती उचलतो. तांदळाचं वजन पाठीला ठाऊक आहे. कंबोडियात १९७५ ते १९७९ ख्मेर रूजनं भिक्खूंची चिवरं उतरवली, विहारांची कोठारं-तुरुंग केले, नॉम पेन्हचं कॅथेड्रलही पाडलं. मग थायलंडच्या सरहद्दीवर छावण्या, आणि तिथं तांदूळ, औषधं, बायबल घेऊन मिशनवाले. भुकेल्यानं हात पसरला तर त्याला बाटगा म्हणायचं? साला, मी नाही म्हणणार. १९५६ला आपल्या आजोबांनाही गाव हेच म्हणालं. ते नागपूरला पोतं बघून गेले नव्हते, एवढंच.

माझा राग दुसरीकडे. तुओल स्लेंग तुरुंगाचा मुख्य डुच, बारा हजारांवर माणसं मारणारा, नव्वदीत ख्रिस्ती झाला. देवानं माफ केलं म्हणे! माफी मेलेल्यांच्या पोरांकडे मागायची ना? कोर्टानं २०१२ला जन्मठेप दिली. २०२०ला तो कैदेतच मेला.