आकड्यांची वाट



कचेरीतील टेलिफोन हा माझा आजचा विषय. तो रुक्ष वाटेल खरा; पण २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील टेक्सास संस्थानात, मार्शल या गावी काय घडले ते आधी ऐका. एका हॉटेलच्या खोलीत एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा मदतीचा क्रमांक एकदा नव्हे, चारदा दाबला. फोन लागला नाही. तेथे बाहेरची लाइन मिळण्यासाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागे, हे त्या पोरीला कोठून ठाऊक असणार? आई वाचली नाही. यंत्र मात्र बिघडलेले नव्हते. ते नियमाप्रमाणेच वागले होते.

पूर्वी कचेरीत ऑपरेटर बसे. घाबरलेला आवाज ऐकून तो काय ते समजे. आता ते काम राउटर नावाचे यंत्र करते, आणि त्याला फक्त आकडे कळतात. अमुक आकड्यांचा फोन अमुक वाटेने सोडावा, अशी नियमांची यादी त्याच्यापाशी असते. सिस्को कंपनीचे राउटर उदाहरणादाखल घेऊ.

तेथे तक्रारी बहुधा तीन प्रकारच्या. पहिली, फोन उशिरा लागतो. ‘शून्यानंतर कितीही आकडे’ असा मोघम नियम असला, की क्रमांक संपला हे यंत्राला कळत नाही. मुद्दाम बदलले नसेल तर शेवटच्या आकड्यानंतर ते १० सेकंद वाट पाहते. दुसरी, फोन भलतीकडे जातो. आकडे एकेक करून येत असता जो नियम आधी पुरा जुळला, तोच लागू होतो. ११२ चा नियम आहे आणि एखाद्या कारकुनाचा आतला क्रमांक ११२५ आहे, तर त्याला केलेला फोन पाचाची वाट न पाहता मदतकेंद्राकडे धावेल!

तिसरी तक्रार सर्वांत फसवी. टेलिफोनच्या साध्या लाइनवर फोन सोडताना, नियमात स्पष्ट लिहिलेले आकडे हे यंत्र गाळून टाकते. बाहेरच्या लाइनचा शून्य गळतो, ते योग्यच. पण नियम ११२ चा असेल तर तिन्ही आकडे गळतात. नियम आहे, वाट आहे, आणि बाहेर मात्र काहीच जात नाही! सर्व आकडे पुढे पाठव, असे त्याला वेगळे बजावावे लागते.

म्हणून दोष शोधणाऱ्याने तारा उपटण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कोणते आकडे आत आले? कोणता नियम लागला? कोणते आकडे बाहेर गेले? तिन्हींची उत्तरे यंत्रातूनच काढता येतात, विचारणारा हवा.

अमेरिकेने २०१८ साली त्या दुर्दैवी मातेच्या, कारीच्या, नावाने कायदा केला. १६ फेब्रुवारी २०२० नंतरच्या अशा नव्या यंत्रणांवर ९११ थेट लागलाच पाहिजे. आपल्याकडे संकटकाळचा क्रमांक ११२. आपल्या कचेरीत, शाळेत, इस्पितळात तो शून्याशिवाय लागतो काय? उद्या संबंधितांना एवढे विचारा, आणि रीतसर पूर्वसूचना देऊन पाहून घ्यायला लावा. संकटात सापडलेल्या माणसाला कचेरीचे नियम पाठ असावेत, अशी अपेक्षा कोणीही करू नये.