अमानत बियाण्यांची

'अनामत' हा शब्द आपल्याला बँकेत, कचेरीत, निवडणुकीत सारखा भेटतो. तो मूळचा अरबी 'अमानत'. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली वस्तू आहे तशी राखायची आणि त्यानं मागितली की परत करायची, असा त्याचा अर्थ आमच्या घरात लहानपणीच शिकवला जाई. आज मी अशाच एका अमानतीबद्दल बोलणार आहे. ती सोन्यानाण्याची नाही, बियाण्यांची आहे.

सीरियातलं हलब हे जुनं शहर. वर्तमानपत्रांत आपण त्याला अलेप्पो म्हणतो. त्याच्याजवळ १९७७ साली कोरडवाहू प्रदेशांसाठी एक आंतरराष्ट्रीय शेती संशोधन केंद्र सुरू झालं. त्याचं नाव 'इकार्डा'. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि तोही बेताचाच. अशा जमिनीत ऐन गरजेच्या वेळी एखाद-दुसरं संरक्षित पाणी दिलं तर गव्हाचं उत्पन्न किती वाढतं, हे या केंद्रानं शेतात करून दाखवलं. पण पाणी थोडं असेल, तर थोड्या पाण्यावर तगणारं बियाणंही हवं. म्हणून मोरोक्कोपासून अफगाणिस्तानपर्यंत अनेक देशांतून गहू, जव, मसूर, हरभरा आणि त्यांचे रानटी भाऊबंद गोळा केले गेले. ही संख्या दीड लाख नमुन्यांच्या घरात गेली.

इराकी शास्त्रज्ञांनीही आपल्या निवडक बियाण्यांची एक पेटी इथं पाठवली होती. पुढं २००३ च्या युद्धात इराकची अबू घ्रैबची बियाणं पेढी लुटली गेली. हलबची पेटी तेवढी वाचली.

मग युद्ध हलबच्याच दारात आलं. सुदैवानं नॉर्वेनं २००८ साली उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर, डोंगराच्या पोटात, जगभरच्या बियाण्यांसाठी एक कोठार उघडलं होतं. तिथं उणे १८ अंश तापमानात पेट्या राहतात. भाडं लागत नाही. पेटी ज्यानं ठेवली त्याचीच राहते, दुसऱ्या कुणाला ती उघडता येत नाही. अमानतीचा याहून चोख व्यवहार मला तरी ठाऊक नाही. बाहेरचे शास्त्रज्ञ हलब सोडून गेल्यावरही स्थानिक सीरियन कर्मचाऱ्यांनी गोळीबाराच्या सावटाखाली पेढी चालू ठेवली. संग्रहाच्या बहुतेक नमुन्यांच्या प्रती तोवर स्वालबार्डला पोचल्या होत्या.

२०१५ साली इकार्डानं आपली ठेव परत मागितली. कोठारातून बियाणं बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ. सुमारे ३८ हजार नमुने निघाले, लेबनॉन आणि मोरोक्कोच्या शेतांत पेरले गेले. त्यांचं नवं पीक आलं आणि २०१७ साली त्यातल्या हजारो नमुन्यांचं ताजं बियाणं पुन्हा स्वालबार्डला जमा झालं.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण नाही. मोहरममध्ये आमच्याकडे खिचडा शिजतो. त्यात पडणारे गहू, जव, मसूर आणि हरभरा या चारही धान्यांचं मूळ गाव सीरिया, तुर्कस्तान, इराक याच पट्ट्यात आहे. काबुली हरभऱ्यावर इकार्डानं काम केलं, तर आपल्या देशी हरभऱ्यावर हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट'नं. पूर्व विदर्भातली लाखोळी दुष्काळातही तगते, पण दुसरं काही नसलं म्हणून रोज तीच खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. विषाचं प्रमाण कमी असलेले तिचे वाण शोधण्याचं काम याच देशोदेशीच्या नमुन्यांतून झालं. कुठलाही देश बियाण्यांच्या बाबतीत एकटा स्वयंपूर्ण नाही. २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय बियाणं कराराच्या मुळाशी हीच जाणीव आहे. भारतही त्यात सामील आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बर्फातलं बियाणंही कायमचं जिवंत राहत नाही. अधूनमधून ते मातीत घालावं लागतं, त्यासाठी शेत, माणसं, पैसा लागतो आणि शेजाऱ्याची जमीनही लागते. लेबनॉन आणि मोरोक्कोनं जागा दिली नसती, तर त्या पेट्यांतलं बियाणं शेतात पोचलंच नसतं. सहकार्य हा शब्द परिषदांमध्ये फार वापरला जातो. इथं त्याचा अर्थ साधा होता: तुझं घर जळतंय, तुझं बी माझ्या वावरात पेर.

आपल्याकडेही हलक्या जमिनीत, दोन पावसांवर उभी राहणारी एखादी गावरान ज्वारी कुणाच्या तरी कणगीत असेल. बाजारात तिला भाव नसेल. तरी तिची एक मूठ दरवर्षी पेरावी, एक शेजाऱ्याला द्यावी, एक बियाणं पेढीकडे पाठवावी. हलबच्या परिसरातल्या कोण्या शेतकऱ्यानं एकदा अशीच मूठ दिली होती. उद्या कुणी आपल्याकडे मागितली, तर ती द्यायला आपल्याजवळ असली पाहिजे.