कॉलेज निवडायचं कुणी?

(बारामतीत, इंदापूर-बारामतीच्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो म्हणून मला बोलावलंत, पण आज कविता नाही. आज हिशोब सांगणार आहे. कायद्याच्या कॉलेजाचा हिशोब. दहावी पास हमाल यावर काय बोलणार, असं वाटून हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पण गोदीनं एक शिकवलंय. क्रेनला माल लावायच्या आधी आम्ही वजन विचारतो, स्लिंग तपासतो. पेटीवर कुठल्या कंपनीचं नाव छापलंय ते बघत नाही. नाव अंगावर पडून कुणी मरत नाही. वजन पडून मरतं.

माझं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या कडेला. आज्याची वतनाची जमीन होती. १९५८ च्या कायद्यानं महारकी गेली आणि वतनाची जमीन नव्या शर्तीवर आली. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. आज्यानं विकलीही नव्हती. तरी आज तिच्यावर ऊस दुसऱ्याचाच उभा आहे. बा कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून म्हातारा झाला. तीन वकील बदलले. तिघांतल्या एकानंही सात-बारा उलगडून बाला समजावून सांगितला नाही. बा बाहेर बाकड्यावर बसायचा, साहेब पुढची तारीख सांगून स्कूटरला किक मारायचे. त्या तारखांच्या फीपायी मी दहावीनंतर शाळा सोडली. हे रडगाणं नाही. आमच्या घरात वकील कशासाठी पाहिजे होता, ते कळावं म्हणून सांगितलं.

धाकटी बहीण बारावी झाली. तिनं दोन परीक्षा दिल्या. एक क्लॅट, देशभरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. दुसरी राज्याची सीईटी. तीन दारं उघडली. एक राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दुसरं पुण्याचं जुनं अनुदानित कॉलेज, तिसरं इथलं बारामतीचं. आय म्हणाली, बारामती. रोज एसटीनं जाईल, संध्याकाळी डोळ्यांसमोर असंल. मी म्हणालो, राष्ट्रीय! मला त्या नावाचीच नशा चढली होती. दिवसभर पोलादाच्या गुंडाळ्या हलवणाऱ्या माणसाला बहिणीच्या नावापुढं असलं काही दिसलं की छाती फुगते.

पोरगी शांत. म्हणाली, "दादा, पाच वर्षांची फी तू बघतोयस. सहाव्या वर्षी मला कोण पोसणार?"

सालं, इथं माझी कविता थांबली.

मग गोदीतल्या एका जुन्या पावतीच्या पाठीवर आम्ही तीन रकाने पाडले. पैसा. जमणं. पुढं काय.

पैशाचा रकाना. राष्ट्रीय विद्यापीठात फी, वसतिगृह, खाणावळ धरून वर्षाला दोन-तीन लाख. त्यावर केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींसाठीची 'टॉप क्लास'. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. फी मिळते, वर राहण्या-पुस्तकांचे पैसे मिळतात. पण प्रत्येक संस्थेला जागा ठरलेल्या, आणि यादी लागते प्रवेश झाल्यावर, गुणांच्या क्रमानं. म्हणजे आधी उडी मारायची, मग खाली पाणी आहे का ते बघायचं. बहिणीचा नंबर खालचा होता. यादीत नाव नाही आलं तर बँकेचं कर्ज.

पुण्यात अनुदानित कॉलेजची फी कमी. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरता येते. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तर स्वाधार योजना. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ती वर्षाला ६० हजारांची धरलेली आहे. पण हे पैसे उशिरा येतात, हे लिहून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका पोराचा निकाल त्याच्या कॉलेजनं फीपायी अडवून ठेवला होता. पहिल्या सहा महिन्यांची रोकड हातात नसेल तर कागदावरची शिष्यवृत्ती पोटात जात नाही.

जमण्याचा रकाना. जमणं म्हणजे इंग्रजी येतं का, एवढंच नाही. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? मूट कोर्टात आपल्या पोरांना बोलायला उभं करतात की खुर्च्या मांडायला? आपल्यातली किती पोरं पाचवं वर्ष गाठतात? हे माहितीपत्रकात छापत नाहीत. तिथल्या सीनियर पोरीला विचारायचं. बहिणीनं तिन्ही ठिकाणी फोन लावले.

पुढं काय, हा तिसरा रकाना. तिथं तिनं एकच ओळ लिहिली : 'इंदापूरचं आणि बारामतीचं कोर्ट.' अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली. कलम १५-अ आलं. पीडिताला जामिनाच्या अर्जाची खबर मिळाली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. कलम आहे, पण ते उठून वाचणारा वकील त्या दिवशी कोर्टात हजर पाहिजे ना! तालुक्याच्या कोर्टात पहिली तीन-चार वर्षं नव्या वकिलाच्या हातात काय पडतं? चहापाण्यापुरतं. डोक्यावर दहा-बारा लाखांचं कर्ज असेल तर कुठली पोरगी बाच्या बाकड्याशेजारी येऊन बसेल? ती कंपन्यांच्या वकिलांकडं जाईल, हप्ते फेडील. तिचा दोष नाही. कर्जानंच तिचं पुढचं आयुष्य निवडलेलं असतं. न्यायाधीश व्हायचं म्हटलं तरी तेच. मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की त्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली केलेली असली पाहिजे. ती तीन वर्षंही कुणीतरी पोसायचीच.

बाबासाहेबांचंच बघा. आपण त्यांच्या पदव्या पाठ करतो, पण त्यांच्या शिष्यवृत्तीची अट वाचत नाही. १९१३ ला बडोदा संस्थानाशी करार झाला : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी. १९१६ ला लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, आणि १९१७ ला शिष्यवृत्ती संपली म्हणून अर्ध्यात परतावं लागलं. बडोद्यात चाकरी धरली, तर डोक्यावर छप्पर मिळेना. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० ला पुन्हा लंडन. १९२३ ला मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. नोकरीत अडकायचं नाही, पायावर उभं राहून भांडायचं, म्हणून वकिली. कॉलेज त्यांनी मोठंच निवडलं. पण ते कशासाठी, हे त्यांना आधी ठाऊक होतं.

म्हणून माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ काढू नका. ज्याचा नंबर वर आहे, ज्याला टॉप क्लासची जागा मिळू शकते, त्यानं राष्ट्रीय विद्यापीठात गेलंच पाहिजे. 'ती जागा तुमची नाही' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जो बारामतीत राहून, घरचं बघून शिकणार असेल, त्यानंही मान खाली घालू नये. सनद एकच असते. बार कौन्सिलची मान्यता कॉलेजला आहे का, तेवढं आधी बघा. जात पडताळणीचा अर्ज निकालाची वाट न बघता टाका. शिष्यवृत्तीची अट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि सनदेच्या नोंदणीला कुणी हजारोंनी पैसे मागितले तर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी कायद्यातली नोंदणी फी १२५ रुपये आहे.

बहीण पुण्यात गेली. सुट्टी लागली की इंदापूरला एका वकीलबाईंकडं कागद लावत बसते. मागल्या दिवाळीत तिनं बाला सात-बारा उलगडून दाखवला. कुठला रकाना कशाचा, इतर हक्कांत काय लिहिलंय, नव्या शर्तीचा शेरा कुठं आहे. बा बराच वेळ त्या कागदावर बोट ठेवून बसला. जमीन अजून मिळालेली नाही. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हाताऱ्याला कळलं की आपण भांडतोय ते नेमकं कशासाठी.

आणि माझं? मला वाटलं होतं, मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घ्यावी आणि एलएलबीला बसावं. बहिणीनं नियम दाखवला. बारावी न करता घेतलेली तसली पदवी वकिलीला चालत नाही. बरं झालं, तीन वर्षं वाया जायच्या आधी कळलं. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बारावीला बाहेरून बसतोय. रात्रपाळी करून आलो की वाचतो, झोप येते, तोंडावर पाणी मारतो, पुन्हा वाचतो.

तुम्ही घरी जा, एक कागद घ्या, तीन रकाने पाडा. तिसरा रकाना आधी भरा.

जय भीम.