दुसऱ्याच्या वाटचं गाणं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मुसलमान. मराठीत कविता लिहितो. आणि आज बोलणार आहे ते ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणाऱ्या आनंदाबद्दल, धीराबद्दल. 'तुमचा काय अधिकार?' असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे एकच उत्तर आहे. मी त्या आनंदाचा शेजारी होतो. भिंतीला भिंत लागून.

गोष्ट १९९८ सालची. तेव्हा आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. आम्हाला पहिली मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका करून तिचं नाव ठेवायचं ठरलं होतं. सहाव्या दिवशी ती गेली. घर माणसांनी भरलं आणि चार दिवसांत रिकामंही झालं. जो तो सांगून गेला, 'सब्र करा.' शब्द खोटा नव्हता. पण माझी पत्नी गप्प झाली ती झालीच. चूल पेटायची, भाकरी व्हायची, ती मात्र बोलायची नाही. मी शब्दांचा माणूस, पण माझ्याकडेही तिला द्यायला एक शब्द नव्हता.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणे. एका संध्याकाळी त्या मेथीची जुडी घेऊन आल्या. पत्नीला म्हणाल्या, ''पोरी, मला नीट दिसत नाही गं. एवढी निवडून दे.'' दोघी ओट्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी बाई तांदूळ घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी शेंगा. पुढं कितीतरी दिवसांनी मी बाईंना चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवताना पाहिलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला!

निवडता निवडता बाई एखादं पद गुणगुणायच्या. रेव्हरंड टिळकांचं. एक दिवस पत्नीनं विचारलं, ''बाई, तुम्हाला गाणं कसं सुचतं हो?'' प्रश्न साधा नव्हता. बाईंचा एकुलता एक मुलगा नवव्या वर्षी विहिरीत बुडून गेला होता, हे गावात सर्वांना ठाऊक होतं.

बाई थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, ''तो गेल्यावर वर्षभर मी देवळात जायचे, पण माझं तोंड उघडायचं नाही. मंडळी गायची. मग लक्षात आलं, मी थांबले तरी गाणं थांबलेलं नाही. माझ्या वाटचं दुसरं कुणीतरी म्हणतंय. एके दिवशी मीही म्हणायला लागले. म्हटलं, आज इथं आणखी कुणाचं तोंड मिटलेलं असेल, त्याच्या वाटचं मी म्हणते.'' आणि मग म्हणाल्या, ''आमचा येशूसुद्धा लाजराच्या कबरीपाशी रडला होता. रडणाऱ्यावर तो रागवत नाही.''

पत्नी म्हणाली, ''आमचे रसूलही रडले होते, बाई. त्यांचा लहानगा इब्राहिम गेला तेव्हा.''

एवढं बोलली आणि रडायला लागली. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा. मी दारात उभा होतो, तसाच मागं फिरलो.

पुढं बाईंनी तिला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचायला दिली. बी. ए.ला असताना मी ती परीक्षेपुरती वाचली होती. नारायण वामन टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनानं ओढून घेतलं आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. ताटातूट झाली. पोटची मुलं दगावल्याचं दुःखही त्यांनी सोसलं. नवऱ्यामागं त्या फरफटत गेल्या नाहीत. आपल्या मनाशी भांडत, तपासत, स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आल्या आणि १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागं पुरं केलं.

पण पत्नी ते पुस्तक वाचताना एका दुपारी चक्क हसली! घरात पैसा आला की तो टिळकांच्या हातून कुठं जाईल याचा नेम नसे, आणि लक्ष्मीबाई ते अशा सांगतात की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. इतकं सोसलेल्या बाईच्या लेखणीत एवढं हसू कुठून आलं? मला वाटतं, त्यांच्या श्रद्धेनं त्यांना दिलेली ही सर्वांत मोठी देणगी. दुःख लपवलं नाही, आणि त्याला घरातला सगळा पाटही दिला नाही.

नंतर मी नव्या करारातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र वाचलं. आनंदाचं पत्र म्हणून ते ओळखलं जातं. लिहिणारा कैदेत आहे, जगेल की मरेल याचा भरवसा नाही, आणि तो बाहेर मोकळ्या असलेल्या माणसांना आनंद करायला सांगतो आहे. बाई भेटल्या नसत्या, तर मला ते नुसतं बोलणं वाटलं असतं.

श्रोतेहो, एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बाईंचं येणंजाणं वाढलं तशी आमच्या नात्यागोत्यात कुजबुज सुरू झाली. त्या नाताळला पत्नी बाईंबरोबर देवळात गेली, तेव्हा माझ्याही मनात भीती आली. सर्वांना मोकळ्या मनाचा कवी म्हणून माहीत असलेला मी, रात्री तिला विचारलं, ''तू बदलणार तर नाहीस ना?'' ती म्हणाली, ''बदलले ना. पुन्हा नमाज पढायला लागले, ते दिसलं नाही का तुम्हाला?''

खरंच, मी पाहिलं नव्हतं. बाईंनी तिला तिच्याच दारापर्यंत आणून सोडलं होतं.

आमच्या श्रद्धांमध्ये फरक आहेत, आणि ते मी पुसू इच्छित नाही. इसा आणि मरियम आमच्या कुराणातही आहेत. मरियमच्या नावाची तर एक सुरा आहे. पण क्रुसाविषयी बाईंचं म्हणणं वेगळं, आमचं वेगळं. त्यावर बाईंशी माझा वादही व्हायचा, आणि वाद संपला की चहा व्हायचा.

ख्रिस्ती मराठीत एक सुंदर शब्द आहे, 'शुभवर्तमान'. वर्तमान म्हणजे बातमी. पण वर्तमान म्हणजे आत्ताचा क्षणही. बाईंनी आम्हाला स्वर्गाची बातमी सांगितली नाही. त्या संध्याकाळी, त्या ओट्यावर, मेथीच्या जुडीसकट त्या आमच्या वर्तमानात येऊन बसल्या. आपण मराठीत म्हणतो, धीर धरावा. पण धरायचा तर आधी तो कुणीतरी द्यावा लागतो.

बाई २०११ मध्ये गेल्या. दफनभूमीत मंडळी त्यांचं आवडतं पद म्हणत होती. मी कडेला उभा होतो. शेजारी पाहिलं, तर पत्नीचे ओठ हलत होते. ती फातिहा म्हणत होती की बाईंच्या वाटचं गाणं, ते मी विचारलं नाही.