भुंकण्याची मजुरी

आज आमच्या वाघ्याविषयी बोलायचं आहे. तो काही जातिवंत नाही. आपल्या लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे, पण आमचा वाघ्या साधा गावठी, रस्त्यावरून उचलून आणलेला.

घरात तो शहाणा. आम्ही दोघी जावा त्याला घेऊन बाहेर पडलो आणि कुणाशी बोलायला थांबलो, की संपलं. तोंडाकडे बघून भुंकायचा, थांबायचा, पुन्हा भुंकायचा. गंजगोलाईत एकदा मेथीच्या दोन जुड्या घेईपर्यंत आजूबाजूची सगळी माणसं आमच्याकडे बघू लागली. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "वहिनी, एक बिस्कीट टाका की, गप बसंल!" टाकलं. बसला गप. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू.

शेवटी सासरे म्हणाले, "याला शेतावर नेऊन बांधा." शेतावर बांधलेल्या कुत्र्याची दशा आपण बघतोच, आखूड साखळी आणि दिवसभर एकटेपण. मग आम्ही नीट विचार केला. आमच्या लक्षात आलं, की भुंकण्याची मजुरी आम्हीच देत होतो. बिस्कीट तर मजुरी होतीच, पण "ए, गप!" म्हणून ओरडणं, डोळे वटारणं, पट्टा ओढणं हीसुद्धा मजुरीच. त्याला आमचं लक्ष हवं असायचं, आणि ते रागाचं असलं तरी त्याला चालायचं.

आधी मात्र एक तपासा. कुत्रं तहानलेलं नाही ना, डांबर तापून पाय पोळत नाहीत ना? शेपूट पायात घातलंय, कान मागे आहेत, अंग मागे ओढतंय, तर ते घाबरलंय. त्याला तिथून लांब न्या. तिथे दुर्लक्ष करणं म्हणजे निर्दयपणा.

नुसतं लक्ष वेधण्यासाठी भुंकत असेल, तर आम्ही काय करतो ते सांगतो. पट्टा हातात घट्ट, तोंड दुसरीकडे, बोलायचं नाही, बघायचं नाही. एका श्वासाइतका जरी गप्प राहिला, तरी लगेच "शाब्बास" आणि भाकरीचा नखाएवढा तुकडा. भाकरी कोरडी हवी, कांदा लागलेली नको, कांदा कुत्र्यांना बाधतो. मग दोन श्वासांना तुकडा, मग पाच. सुरुवात अंगणात केली, तिथे जमल्यावर गल्लीत, आणि बाजार सगळ्यात शेवटी. शिवाय निघण्याआधी त्याला चांगलं फिरवून आणायचं.

पहिल्या आठवड्यात भुंकणं वाढलं. लेकरू दुकानात आधी कुरकुरतं आणि खाऊ मिळाला नाही की जमिनीवर लोळण घेतं, तसंच. नेमकं तेव्हाच धाकट्या जाऊबाईंनी एकदा हार मानून बिस्कीट दिलं. त्यातून वाघ्या एवढंच शिकला, की अजून जोरात भुंकायला हवं! चार दिवसांची मेहनत पाण्यात गेली. म्हणून घरात सगळ्यांचं एकमत लागतं, सासऱ्यांचंसुद्धा. ते पंगतीतून हळूच तुकडा टाकायचे.

खरं सांगायचं, तर कुत्र्यापेक्षा आम्हालाच शिकणं जड गेलं. चारचौघांत कुत्रं भुंकतंय आणि आपण तोंड फिरवून उभ्या, याची लाज वाटते. लोक म्हणतात, या बायांना कुत्रं सांभाळता येत नाही. त्या लाजेपायीच आपला हात पिशवीतल्या बिस्किटाकडे जातो. आता आम्ही मावशींना आधीच सांगून ठेवतो, "त्याला शिकवतोय, तुम्ही काही टाकू नका." फारच झालं, तर भाजी तशीच सोडून चालू लागतो. कुणी सुचवलं होतं, तोंडाला फडकं बांधा. तसं कधीच करू नका. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं तेव्हाच त्याचं अंग थंड होतं, आपल्याकडच्या उन्हात तोंड बांधलं तर जिवावर बेतेल.

माळेगावची खंडोबाची यात्रा नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात भरते. तिथे घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. वाघ्याला तिथे न्यायची आमची फार हौस. पण एवढ्या गर्दीत आणि गलक्यात तो अजून टिकणार नाही, म्हणून या मार्गशीर्षात आम्ही जाऊ आणि तो घरी राहील. गंजगोलाईत मात्र परवा मेथी, वांगी आणि मावशींच्या सुनेचं बाळंतपण, एवढं सगळं होईपर्यंत तो पायाशी बसून होता. मधे एकदाच भुंकला.