कळफलकाची ओळख : यंत्राला काय कळते आणि काय कळत नाही

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज माझ्याकडे दिलेला विषय वरवर पाहता फार लहान आहे. संगणकाला जोडलेला कळफलक, म्हणजे कीबोर्ड, कोणता आहे हे संगणकालाच विचारून कसे ओळखावे, हा तो विषय. पण या लहान विषयात आपल्या मुलांच्या नोकरीचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून आपण थोडे लक्ष देऊन ऐकावे अशी विनंती आहे.

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्या आल्या म्हणजे लिपिकांच्या जागा आल्या. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांची किंवा इंग्रजीत ४० शब्दांची गती मागितली जाते. आता समजा, कारंजाची एक मुलगी वर्षभर एका यंत्रावर सराव करते आणि परीक्षेला दुसऱ्या गावच्या केंद्रावर जाते. तिथे बोटे तीच, मेहनत तीच. पण कळ दाबली की पडद्यावर भलतेच अक्षर उमटते. तिची गती गेली कुठे? ती कुठेही गेलेली नाही. यंत्राची मांडणी बदलली आहे, एवढेच.

असे का होते ते समजून घेऊ. आपल्याला वाटते की कळफलक अक्षरे पाठवतो. तसे नाही. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. आजच्या यूएसबी कळफलकांत, ज्या कळेवर आपल्याकडे इंग्रजी 'ए' छापलेला असतो तिचा क्रमांक ४ आहे. फ्रान्समधल्या कळफलकावर त्याच जागी 'क्यू' छापलेला असतो, पण क्रमांक मात्र ४ च जातो. तो क्रमांक आल्यावर 'ए' उमटवायचा, 'क्यू' उमटवायचा की मराठी ओकाराची मात्रा, हे संगणकातली मांडणी ठरवते. पोस्टमनने पेटी क्रमांक ४ मध्ये पत्र टाकावे आणि ते घर कोणाचे हे गावाच्या नोंदवहीवरून ठरावे, तसा हा प्रकार आहे.

मग संगणकाला कळफलकाबद्दल काय माहीत असते? यूएसबीचा कळफलक जोडताच तो आपली ओळख सांगतो : बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक. ही माहिती काढून घेण्यासाठी चार ओळींची आज्ञावली लिहिता येते. तिलाच स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाच्या संहितेप्रमाणे तिच्यात एकामागून एक सूचना लिहिलेल्या असतात आणि यंत्र त्या न चुकता पाळते. विंडोजमध्ये पॉवरशेल नावाचे साधन त्यासाठी असते. लिनक्समध्ये 'एलएस-यूएसबी' ही छोटी आज्ञा जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवते. प्रयोगशाळेत वीस संगणक असतील, काही जुने, काही देणगीत आलेले, तर एकच स्क्रिप्ट प्रत्येकावर चालवून कुठे कोणता कळफलक आहे याची यादी थोड्या वेळात तयार होते. आठवी-नववीच्या मुलांना जमेल असे हे काम आहे.

परंतु या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कळांवर कोणती अक्षरे छापलेली आहेत हे त्या यादीत येत नाही. यूएसबीच्या नियमांत देशाचा क्रमांक सांगण्याची एक सोय आहे, पण बहुतेक कळफलक तिथे शून्य सांगून मोकळे होतात. आणि गंमत अशी की त्या देश-भाषांच्या यादीत अरबी आहे, फारसी आहे, तुर्की तर दोन प्रकारची आहे. पण मराठी नाही, हिंदी नाही आणि उर्दूही नाही! विंडोजला मांडणी विचारली तर पुष्कळदा ०४०९ असे उत्तर येते. हा अमेरिकन इंग्रजीचा क्रमांक. याचा अर्थ कळफलक अमेरिकेचा आहे असा नव्हे; त्या यंत्रात तशी निवड केलेली आहे, इतकाच. अॅपलचा मॅक संगणक तर अनोळखी कळफलक जोडला की सरळ माणसालाच विचारतो, "डाव्या शिफ्टच्या शेजारची कळ दाबून दाखवा." इतके महागडे यंत्र माणसाला विचारायला लाजत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता आपल्या भाषांकडे येऊ. मराठीच्या दोन पद्धती मुख्य आहेत. एक टाइपरायटरवरून आलेली रेमिंग्टन पद्धत आणि दुसरी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेली इनस्क्रिप्ट पद्धत. रेमिंग्टनमध्ये अक्षर जसे दिसते तसे टंकायचे. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. इनस्क्रिप्टमध्ये जसे उच्चारतो तसे, म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी 'के'च्या कळेवर क आणि शिफ्ट धरून ख. हीच मांडणी गुजराती, तेलुगू, बंगालीलाही चालते. दोन्ही पद्धती चांगल्या, पण एकीची सवय दुसरीवर चालत नाही.

उर्दूची अडचण निराळी आहे. घाईत कोणी उर्दूऐवजी अरबी मांडणी निवडतो. त्यात टे, डाल आणि ड़े ही अक्षरेच नसतात, म्हणून ती चूक लवकर कळते. पण काफ आणि ये यांची चूक कळत नाही. अरबी काफ आणि उर्दू काफ छापल्यावर पुष्कळदा सारखेच दिसतात, मात्र युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. शाळेच्या नोंदीत करीम नाव अरबी काफाने लिहिले आणि शोधताना उर्दू काफाने लिहिले, तर साधा शोध घेणाऱ्या संगणकाला ते नाव सापडणार नाही. डोळ्यांना एक नाव दिसते, यंत्राला दोन दिसतात.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली : आपण कोणती पद्धत शिकतो तिचे नाव माहीत असू द्या. "मराठी टायपिंग येते" एवढे पुरेसे नाही. दुसरी : परीक्षेच्या अर्जात पद्धत विचारली असेल तर ती स्वतः वाचून भरा, दुसऱ्यावर सोडू नका. तिसरी : केंद्रावर वेळ सुरू होण्यापूर्वी क, कि आणि क्ष ही तीन अक्षरे टंकून पाहा. ती बरोबर उमटली नाहीत तर तिथल्या तिथे हात वर करा. पेपर सुरू झाल्यावर तक्रार करून गेलेला वेळ परत येत नाही.

पालकांना माझे सांगणे असे की, टायपिंगच्या वर्गाची फी भरताना "कोणती पद्धत शिकवता?" हा एक प्रश्न जरूर विचारा. त्यासाठी संगणक यावा लागत नाही. विशेषतः मुलींना गाव सोडून लांबच्या केंद्रावर जावे लागते; एवढी पायपीट करून गेल्यावर केवळ मांडणीपायी तिची संधी हुकू नये.

आणि संस्थेला सूचना अशी की, मुलांकडूनच ती स्क्रिप्ट लिहून घ्यावी, प्रत्येक यंत्राची यादी करावी आणि यादीच्या शेवटी एक रकाना हाताने भरण्यासाठी मोकळा ठेवावा : कळांवर कोणती अक्षरे आहेत आणि कोणती मांडणी निवडली आहे. यंत्राला जेवढे कळते तेवढे यंत्राकडून घ्यावे. उरलेले पाहण्यासाठी माणसाचे डोळे लागतात, आणि ते डोळे तयार करणे हेच शाळेचे काम आहे.