विहिरीवरची यारी

श्रोतेहो, गावात विहिरीवर यारी लागली, की बघ्यांची गर्दी व्हायचीच. बघा, पण लांबून. धोंड्याला दोर दोन बाजूंनी बांधतात, खरी मेख तिथं आहे. धोंडा एक टनाचा आणि दोन्ही दोर सरळ उभे, तर प्रत्येकावर अर्धा टन भार येतो. तेच दोर फाकून त्यांच्यातला कोन १२० अंश झाला, की प्रत्येकावर पुरा एक टन ताण! धोंडा तोच, दोर तोच. गुरुजी, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवा. दोर लांब घेतला, की कोन आवळतो.

धोंडा आधी वीतभर उचलून थांबावं, गाठ बघावी, मग इशारा द्यावा. इशारा देणारा एकच. धोंडा वर जाताना तळात कुणी थांबू नये. आणि बादलीत बसून वर येण्याची हौस कशाला? शिडी आहे ना!